ओझं बाईच्या डोक्यावर, कळ बाप्याच्या हाती



दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका शनिवारी संध्याकाळी, आपल्या केंद्रात एक बाई आली. केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणी ज्या कारणांसाठी येतात – मारहाण, पोटगी, रेशनकार्ड – त्यांपैकी तिचं काहीच नव्हतं. जालन्याकडची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, दहावी पास. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, ती बिगारी. पायाला सिमेंटचे चरे पडलेले. पाणी पिऊन झाल्यावर तिने सरळ विचारलं, "ताई, साइटवर ती हायड्रा असती ना, ती चालवायला काय काय कागद लागतात?"

आम्ही तिघीजणी होतो. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पोटगीचा अर्ज कसा करायचा हे आम्हाला झोपेतसुद्धा सांगता येईल. पण हायड्रा? मग आमच्यातल्या एकीने सवयीने कपाटातली प्रशिक्षण-वर्गांची यादी काढली. शिवणकाम, मेंदी, ब्युटी पार्लर, मसाले, बेकरी. ती बाई यादी ऐकून हसली. म्हणाली, "शिवणयंत्र हाय माझ्याकडं. बचत गटातूनच मिळालंय. त्याच्यावर कपडे ठेवते."

ते हसू आम्हाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. स्त्रियांच्या श्रमाविषयी आपण गेली कित्येक वर्षं लिहीत-बोलत आलो. श्रमविभागणी निसर्गाने केलेली नाही, ती पुरुषप्रधान व्यवस्थेने केली आहे, हे वाक्य आपल्या प्रत्येक शिबिरात उच्चारलं गेलं. पण एखादी बाई ती विभागणी मोडायला दारात उभी राहिली, तेव्हा आमच्या कपाटात तिच्यासाठी एकही कागद नव्हता. म्हणून या अंकाचं संपादकीय तिने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. उत्तर शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.

बाईला वजन उचलता येतं का?

हा प्रश्न आम्हाला या दोन वर्षांत किती जणांनी विचारला असेल! आरटीओच्या आवारातल्या एजंटाने विचारला, क्रेन भाड्याने देणाऱ्या यार्डाच्या मालकाने विचारला, आणि आपल्याच एका सहानुभूतीदार प्राध्यापक मित्रानेही विचारला. "अहो, जड काम आहे ते."

त्या जड कामाचा हिशेब करू. ओल्या काँक्रीटचं एक घमेलं पंधरा किलोचं धरलं आणि स्लॅबच्या दिवशी एका बाईने दोनशे खेपा केल्या, तर तिच्या डोक्यावरून तीन टन माल वर जातो. पाळी असो, पोटात मूल असो, तीन टन. त्याला कोणी जड काम म्हणत नाही, त्याला 'बायकांचं हलकं काम' म्हणतात आणि त्याची मजुरी गवंड्याच्या निम्म्याच्या आसपास असते. तोच तीन टन माल यंत्राने उचलायचा ठरला की दोन बोटांनी कळ ओढायची असते, आणि मग ते काम बाईला झेपणार नाही असं सांगितलं जातं! शक्तीचा प्रश्न इथे मुळातच नाही. जुन्या क्रेन्सचे लिव्हर आणि ब्रेक ताकदीने ओढावे लागत, हे खरं. आजची क्रेन हायड्रॉलिक आहे. तेलाचा दाब वजन उचलतो. चालकाने दाब किती आणि कधी द्यायचा, ते ठरवायचं.

मग या कामात येतं काय लागतं? आम्ही ते मुळापासून शिकलो, म्हणून वाचकांनाही सांगतो.

'बारा टनी' क्रेन बारा टन उचलते, ही समजूत चुकीची आहे. बारा टन ती उचलते फक्त वजन अगदी जवळ असताना आणि तिचा दांडा – बूम – आखूड असताना. वजन जसजसं लांब जातं, तसतशी तिची ताकद घटते. शाळेत शिकलेली तरफ आठवा. तीन मीटरवर पाच टन पेलणारी क्रेन त्याच हिशेबाने पाच मीटरवर तीन टन आणि दहा मीटरवर दीडच टन पेलेल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण बूमचं स्वतःचं वजनही बाहेर गेलेलं असतं. प्रत्येक क्रेनच्या कॅबिनमध्ये याचा तक्ता लावलेला असतो. त्याला लोड चार्ट म्हणतात. कितव्या मीटरवर, बूमच्या किती लांबीला, किती वजन, हे त्यात बघायचं. ते बघून झालं की खालची जमीन बघायची. आउटरिगरच्या पायाखाली काल बुजवलेला चर आहे का, ड्रेनेजची लाईन आहे का, पाय टेकायला लाकडी स्लीपर हवेत का? वर विजेची तार किती लांब आहे? वारा किती आहे? स्लिंगचा पट्टा चिरलेला नाही ना? वजनाच्या खाली कोणी उभं नाही ना? आणि हायड्रासारखी क्रेन वजन टांगून चालत असेल, तर समोरच्या बूममुळे चालकाला पुढचं सगळं दिसत नाही. तेव्हा पुढे कोण चाललंय आणि खूण कोण करतंय, हे पाहायचं.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकींना काही ओळखीचं वाटलं असेल. चार गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवणं, उतू जायच्या आत आच कमी करणं, गर्दीत लेकराचा हात न सोडणं ही कामं आपण जन्मभर करतो. बायका त्यामुळे जन्मतः चांगल्या चालक होतात, असं आम्ही म्हणणार नाही. उद्या तेच आपल्या गळ्यात बांधलं जाईल. आमचं म्हणणं इतकंच, की या कामाला सावधपणा, हिशेब आणि सराव लागतो, आणि हे तिन्ही शिकता येतं.

आमची ही मैत्रीण काही गोष्टी आधीच शिकली होती. सिग्नल देणारा माणूस गैरहजर असला की मुकादम तिलाच उभं करी. उचलायला 'हबेस' आणि उतरवायला 'आरिया', हे बंदरातल्या खलाशांच्या बोलीतून आलेले शब्द आणि हाताच्या खुणा तिला पाठ होत्या. या कामाचे जास्त पैसे तिला कधी मिळाले नाहीत. हजेरीपटावर ती बिगारीच होती.

तीन कागद

कायद्याच्या बाजूने आम्ही चौकशी केली, तेव्हा पहिली गोष्ट कळली ती चांगली होती. बाईने क्रेन चालवू नये असं कोणताही कायदा म्हणत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याखाली १९९८ साली केंद्रीय नियम झाले. त्यांत उचलण्याच्या यंत्राच्या चालकाविषयी अटी होत्या त्या अशा: वय अठराच्या वर हवं, तो सक्षम आणि भरवशाचा हवा, या कामातले धोके त्याला ठाऊक हवेत आणि त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. खूण करणाऱ्यालाही याच अटी. 'पुरुष हवा' असं कुठेही नाही.

प्रत्यक्षात तीन कागद विचारले जातात.

पहिला, लायसन्स. टायरवरची क्रेन रस्त्यावर येते म्हणून आरटीओचा परवाना हवा, आणि साइटवर बहुतेक ठिकाणी 'हेवी'चंच लायसन्स मागतात. त्यासाठी वय वीस पूर्ण हवं आणि आधी एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हातात हवा. म्हणजे ज्या बाईने कधी चारचाकी धरलेली नाही, तिच्यासाठी हा किमान सव्वा-दीड वर्षाचा रस्ता आहे. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पास असण्याची अट पूर्वी होती, ती २०१९ साली काढून टाकली. अक्षरओळख असूनही शाळा सुटलेल्या अनेक बायांना त्याचा उपयोग होऊ शकतो, पण ही गोष्ट वस्त्यांमध्ये कोणी सांगत नाही.

दुसरा, कौशल्याचं प्रमाणपत्र. बांधकामाच्या यंत्रांसाठी 'इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल' ही संस्था राष्ट्रीय चौकटीनुसार अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवते. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा असतात. जे आधीपासून काम करतात पण ज्यांच्याजवळ कागद नाही, त्यांच्या पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र द्यायचीही सोय आहे.

तिसरा, साइटवरची चाचणी. मोठी कंपनी असेल तर तिचा सेफ्टी अधिकारी किंवा बाहेरची तपासणी संस्था चालकाला पुन्हा तपासते. डोळे, रंगांची ओळख, कान, रक्तदाब आणि हातातलं काम बघून मग गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं. यंत्राचीही वर्षाला सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हायला लागते. यंत्राचा कागद संपला तर यंत्र उभं राहतं, माणसाचा कागद संपला तर मात्र अनेक ठिकाणी माणूस तसाच चालवत राहतो.

अमेरिकेत बांधकामावरच्या क्रेनचालकाला नोव्हेंबर २०१८ पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. आपल्याकडे असा एकच, सगळीकडे चालणारा परवाना नाही. त्यामुळे कोणता कागद पुरेसा, हे समोरचा माणूस ठरवतो. आणि समोरचा माणूस जेव्हा ठरवतो, तेव्हा बाईसाठी एक कागद नेहमीच कमी पडतो.

कागद मिळाला, पुढे?

तिने हे सगळं केलं. नवऱ्याचा विरोध नव्हता. "जमलं तर बघ" एवढा त्याचा पाठिंबा होता. सासू म्हणाली, "लेकरं कोण बघंल?" लेकरं तिच्या बहिणीने बघितली, म्हणजे एका बाईच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्या बाईने उचलला. हलक्या वाहनाचा परवाना झाला. वर्ष भरलं. हेवीचाही झाला. मधल्या काळात तिने प्रमाणपत्राच्या वर्गात नाव घातलं. वर्गात एकोणीस पुरुष आणि ती. राहायची सोय पुरुषांसाठीच असल्याने ती रोज दोन बस बदलून जाई. पहिल्या दिवशी प्रशिक्षक म्हणाला, "पाय पेडलला पोचतो का ते आधी बघू." पोचत नव्हता. सीट पुढे घ्यायची कळ गंजून बसली होती. तिने तेल मागितलं, कळ सोडवली, सीट पुढे ओढली. पाय पोचला.

लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. पण प्रत्यक्ष कॅबिनमध्ये किती वेळ बसायला मिळालं? तिने वहीत लिहून ठेवलं होतं: साऱ्या वर्गात मिळून अकरा तास. एक यंत्र, वीस जण आणि डिझेलचा खर्च. हे पुरुषांच्याही वाट्याला तेवढंच येतं. फरक पडतो तो पुढे.

कारण क्रेन खरी शिकली जाते ती वर्गात नाही, उस्तादाच्या हाताखाली. पोरगा सोळा-सतराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागतो. यंत्र पुसतो, ग्रीस भरतो, चहा आणतो, रात्री यार्डात यंत्रापाशीच झोपतो, उस्तादाच्या शिव्या खातो. जेवणाच्या सुट्टीत कधीतरी उस्ताद म्हणतो, "बस, चला के दिखा." अशी दोन-तीन वर्षं गेली की तो ऑपरेटर होतो. या शाळेत पगार जवळजवळ नसतो, हजेरी नसते, दाखला नसतो. आणि बाईला प्रवेश नसतो.

आमची मैत्रीण सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून अनेक यार्डांची दारं फिरली. काही ठिकाणी आम्हीही बरोबर गेलो. उत्तरं सभ्य होती. "अनुभव किती?" "दोन वर्षं तरी हवीत." अनुभव कुठे मिळेल? "हेल्पर म्हणून." मग हेल्पर म्हणून घ्या. "अहो ताई, हेल्पर यंत्रापाशी झोपतो. बाईमाणसाची जबाबदारी कोण घेणार?" एका मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की चालवील ती नीट, पण साइटवर संडास नाही, ती दिवसभर काय करणार? तोच मालक ज्या साइटवर क्रेन पाठवतो, तिथे चाळीस बायका घमेली उचलतात. त्या दिवसभर काय करतात, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

यंत्र आलं की बाई जाते

ही आजची गोष्ट नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळं भरण्याच्या, सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या होत्या. नवी यंत्रं आली, पाळ्या आल्या, रात्रपाळीला बायकांना बंदी होती आणि पुढच्या काही दशकांत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. खाणींत १९५२ च्या कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती. ती २०१९ साली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती सैल झाली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राच्या काही भागांना बाईने तेल घालू नये, साफ करू नये, असं होतं. धोका खराच होता. पण तो पुरुषाच्या बोटांनाही तेवढाच होता. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईला दूर केलं, आणि तेल घालता घालताच यंत्र कळतं, हा रस्ताही बंद झाला.

उलटही घडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा ब्रिटनच्या कारखान्यांत छताखालच्या क्रेन्स बायका चालवत होत्या. पुरुष परतल्यावर त्यांतल्या अनेकींना घरी पाठवलं गेलं. सोव्हिएत रशियात इमारतींवरच्या क्रेन्सवर बायका इतक्या होत्या, की रशियन भाषेत क्रेन चालवणाऱ्या बाईसाठी स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकात रेल्वेच्या इंजिनावर सहायक चालक म्हणून चढल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रेजा म्हणून, म्हणजे अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बायकांना 'तेजस्विनी' योजनेत अवजड यंत्रं चालवायला शिकवलं गेलं. केरळातल्या विळिंजम बंदरात कंटेनर हलवणाऱ्या क्रेन्स आज बायकाही चालवतात. जिथे मालकाने ठरवलं तिथे जमलं, एवढं यातून कळतं. मालकाच्या मर्जीवर मात्र हक्क उभा राहत नाही.

आणि कार्डाचं महत्त्व काय, हे मुंबईच्याच एका खटल्याने दाखवलं आहे. सिनेमाच्या धंद्यात रंगभूषाकाराचं कार्ड संघटना फक्त पुरुषांना देत असे. बायकांनी केशभूषा करावी, मेकअपला हात लावू नये असा दंडक. कसब होतं, काम होतं, कार्ड नव्हतं. चारू खुराणा आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा दंडक बेकायदा ठरवला. क्रेनच्या धंद्यात असा लेखी दंडक नाही. म्हणून न्यायालयात आव्हान द्यायलाही काही नाही. लिहिलेला नियम फाडता येतो, पण यार्डाच्या दारातलं हसू फाडता येत नाही.

हरवलेला एक शब्द

कायद्यातली एक बारीक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यायची आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि भरतीबरोबरच 'बढती, प्रशिक्षण, बदली' यांतही स्त्रियांविरुद्ध भेदभाव करू नये, असे शब्द आले. त्या कायद्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात भरती आणि नोकरीच्या अटींबाबत भेदभाव नको, असं आहे. पण 'प्रशिक्षण' हा शब्द नावाने उरलेला नाही. नोकरीच्या अटींत प्रशिक्षण येतंच, असा युक्तिवाद करता येईल. तरी लढून मिळवलेला शब्द गळून पडतो तेव्हा त्याची नोंद घ्यायला हवी. कारण आपल्या मैत्रिणीचा सगळा प्रश्न त्या एका शब्दाचा आहे.

त्याच दिवशी लागू झालेल्या सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेचं कलम ४३ म्हणतं, की सर्व आस्थापनांत सर्व प्रकारची कामं करायचा स्त्रियांना हक्क आहे, आणि त्यांच्या संमतीने, सुरक्षेच्या अटी पाळून, सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वीही त्यांना काम देता येईल. 'सर्व प्रकारची कामं' हे शब्द आपण घट्ट धरून ठेवू. 'संमती' या शब्दाकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहू. ठेकेदारासमोर उभ्या असलेल्या रोजंदारीच्या बाईची संमती कशी घेतली जाते, हे आपल्याला माहीत आहे.

आपल्यातलेच दोन आक्षेप

हा विषय बैठकीत निघाला तेव्हा दोन आक्षेप आले, तेही मांडायला हवेत.

एक मैत्रीण म्हणाली, वस्त्या पाडायला येणारी यंत्रं बायकांनी चालवायची, हीच का आपली मुक्ती? प्रश्न योग्य आहे. पण यंत्र कशासाठी वापरायचं हे ठरवणाऱ्यांत आज बाई कुठेच नाही, ना वर ना खाली. पाडकामाला विरोध आपण करतोच, करत राहू. त्यासाठी बाईने जन्मभर घमेलंच उचलावं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण. प्रमाणपत्राची सक्ती झाली तर कागद नसलेले गरीब पुरुष ऑपरेटर, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले, उस्तादाकडे शिकलेले, बाहेर फेकले जातील. हा धोका आहे, आणि ते आपले शत्रू नाहीत. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय त्यांच्यासाठी गावोगावच्या यार्डांपर्यंत पोचली पाहिजे. पण प्रमाणपत्रच नको, असं म्हणता येणार नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि वीस जणांचा जीव गेला. उचलण्याच्या कामात चूक कोणाचीही असो, मरतो तो खाली उभा असलेला मजूर.

आणि प्रमाणपत्राचा एक अर्थ आम्हाला या मैत्रिणीनेच समजावला. ती म्हणाली, "ताई, तिथं शिकवलं की तक्त्यात बसत नसंल तर ऑपरेटरनं म्हणायचं, नाय उचलणार. मालक म्हणला तरी नाय. मी नऊ वर्षं घमेली उचलली, मला कधी कोणी सांगितलं नव्हतं की नाय म्हणता येतं."

शिकलेल्या, कागद हातात असलेल्या चालकाला नकार देता येतो. पोटासाठी वेळोवेळी त्याला तो गिळावा लागतो, हेही आपण जाणतो. पण नकाराचा आधार त्याच्या खिशात असतो. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईच्या कामात तो आधार कधीच ठेवला गेला नाही. म्हणून आम्हाला हा प्रश्न एका बाईच्या नोकरीपुरता वाटत नाही.

आपल्या मागण्या

एक: प्रशिक्षण-वर्गाच्या प्रमाणपत्रावर कॅबिनमध्ये प्रत्यक्ष बसल्याचे तास लिहिले जावेत, आणि हे तास पुरेसे व्हावेत यासाठी सरकारी कामं घेणाऱ्या कंत्राटदारांनी यंत्र आणि देखरेख पुरवणं कंत्राटातच बंधनकारक असावं.

दोन: सिग्नल देणं हे कौशल्याचं काम मानून त्याची हजेरी आणि मजुरी वेगळी लावावी. साइटवर आज किती बायका हे काम फुकट करतात, ते मोजलं तरी पहिली पायरी बांधून होईल.

तीन: बांधकामाच्या खर्चावरचा उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच गोळा होतो. त्यातून शिकणाऱ्या बायांना विद्यावेतन, राहायची सोय आणि पाळणाघर मिळावं. शिकण्याच्या काळात बुडणारी रोजी हाच सर्वांत मोठा अडसर आहे.

चार: प्रत्येक साइटवर बायकांसाठी संडास आणि कपडे बदलायला बंद खोली. हे क्रेनवालीसाठी वेगळं मागायचं नाही. घमेलंवालीसाठी ते आधीच असायला हवं होतं.

आठ मार्चला एका बाईला हेल्मेट घालून कॅबिनमध्ये बसवायचं, फोटो काढायचा आणि नऊ मार्चला उतरवायचं, हे मात्र आम्हाला नको.

आणि आपल्या मैत्रिणीचं काय झालं? ती सध्या एका मोठ्या साइटवर सिग्नल देण्याच्या कामावर आहे. हेल्मेट आहे, पट्ट्याचं जाकीट आहे, मजुरी बिगारीपेक्षा थोडी जास्त आहे. तिथल्या हायड्राचे उस्ताद पन्नाशीचे, गोरखपूरकडचे गृहस्थ आहेत. जेवणाच्या सुट्टीत, मोकळ्या जागेत, वजन न टांगता ते तिला अर्धा तास यंत्र देतात. ती त्यांना चाचा म्हणते. रोजचा वेळ ती वहीत लिहिते आणि चाचा त्यापुढे सही करतात. गेल्या महिन्यात तिने ती वही केंद्रात आणून दाखवली. चौसष्ट तास झाले होते. तिने विचारलं, "ताई, ह्याच्यावर शिक्का कुठं मिळंल?"

आम्ही अजून शोधत आहोत. आपल्या गावात, आपल्या तालुक्यात क्रेन, फोर्कलिफ्ट, जेसीबी चालवणारी किंवा चालवू पाहणारी बाई असेल, तिला कोणी शिकवलं असेल किंवा दारातून परत पाठवलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात या वहीबरोबर आणखी काही वह्या ठेवता आल्या, तर शिक्का मागायला आपल्याला एकत्र जाता येईल.

– संपादक मंडळ